खाटेआडचं पाप

तरीपण तुम्ही माझ्या बाबांना ते कापड परत ठेवून यायला सांगायला नको होतं, बाई. किती वर्षं मनातल्या मनात हे भांडण काढतोय, दर वेळी इथंच येऊन अडतं. कापड तुमच्याकडे शिवायला आलं होतं, तुम्ही शिवून द्यायचं होतं. दोन बाह्या, एक कॉलर, सहा बटणं. दोन मीटर पॉपलिननं मिल काही बुडणार नव्हती, ती आधीच बुडून बसली होती. तुम्ही म्हणाल, पोरा, मोठ्यांशी बोलायची रीत शीक. नाही शिकलो. आठवीत शाळा सोडली. ते तुम्हाला माहीत नसणार, त्याच्या दोन वर्षं आधीच तुम्ही गेलात.

आज हे सगळं परत वर आलं ते ताईच्या फोनमुळे. मी सध्या तिरुपूरला आहे, आपल्या इंदूरपासून रेल्वेनं दोन दिवस लांब. आधी सुरत, मग सिल्वासा, मग आणखी दोन ठिकाणं, कुठंच वर्षावर टिकलो नाही. इथं बनियनच्या कापडाच्या ब्लीचिंगमध्ये आहे. मतलब पिवळट कच्चं कापड हौदात सोडायचं नी पांढरं झालं की ओढून काढायचं. बोटांची सालं निघतात, पण पगार वेळेवर होतो. तर ताईच्या पोरीचा ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चमध्ये पहिला परमप्रसाद आहे. ताई म्हणाली, सगळ्या पोरींना पांढरा फ्रॉक लागतो, जमलं तर पाठव. मग फोन भाचीनं ओढून घेतला. "मामा, पहिल्या पाप-स्वीकारात तू कोणतं पाप सांगितलं होतंस?" मी म्हटलं, साखर चोरल्याचं. ती खूश झाली. म्हणाली, "मग मी पण साखरच सांगते." फोन ठेवला नी हातातलं काम सुटलं. सुपरवायझर तमिळमध्ये ओरडला, ते मला कळलं नाही. पण तुमच्या ओसरीवरची ती खाट मात्र एकदम समोर उभी राहिली.

तुमची ती सुतळीची खाट. तुम्ही ती भिंतीला उभी टेकवायचात नी तिच्या पलीकडे स्टुलावर बसायचात. चर्चमध्ये पाप-स्वीकाराच्या पेटीत फादर नी आपल्या मध्ये जाळी असते, तशी आमची जाळी म्हणजे ती खाट. आम्ही अकरा पोरं, सगळी मिलवाल्यांची. तुम्ही आधी मिलच्या पाळणाघरात बाई होतात, आमच्यातल्या निम्म्यांना तुम्ही पाळण्यात झोपवलेलं, म्हणून सगळी वस्ती तुम्हाला बाईच म्हणायची. पाळणाघर मिलबरोबर बंद झालं, तेव्हा तुम्ही ओसरीत शिलाई मशीन टाकली, नी शनिवार-रविवार फादरांच्या सांगण्यावरून आम्हाला पहिल्या परमप्रसादासाठी तयार करायला लागलात. प्रार्थना हिंदीत, कारण चर्च हिंदीतलं. रागावणं मराठीत. गुडघे टेकून म्हणायचं, "फादर, मुझे आशीर्वाद दीजिए, क्योंकि मैंने पाप किया है," नी कोणी अडखळलं की खाटेपलीकडून यायचं, "गधड्या, जेवताना नाही अडखळत तू."

नी ते चिंचोके. तुम्ही प्रत्येकाला मूठभर चिंचोके दिले होते. आठवडाभरात आठवेल तेवढ्या पापांचा एकेक चिंचोका खिशात ठेवायचा, नी सांगताना एकेक डब्यात टाकायचा, म्हणजे एकही राहायचं नाही. पण नियम होता नी तो तुम्ही तीनदा सांगितला होतात: प्रॅक्टिसला खरं पाप सांगायचं नाही. खरं ते फादरांसाठी, कारण फादर कोणाला सांगत नाहीत, मारून टाकलं तरी. मी फादर नाही. इथं खोटंखोटं काहीतरी सांगा. म्हणजे साखर चोरली. झालं, अकराच्या अकरा जणांनी साखर चोरली. एकानं त्यात गूळ घातला. तो जाडा, ज्याचे वडील पुढं रिक्षा चालवायला लागले, तो म्हणाला, "मैंने मर्डर किया." खाटेपलीकडून तुमचा आवाज आला, "कितनी बार?" आम्ही हसून लोळलो. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, फादर हेच विचारणार, आकडा तयार ठेवायचा.

त्या वेळी मिल बंद होऊन वर्ष झालं होतं. बाबा लूम-खात्यात होते, शेवटचे बारा महिने पगार नाही. मग सगळं कोर्टात गेलं, गोदामाला सील लागलं, नी कंपनीनं जुन्या कामगारांतले चार जण चौकीदार म्हणून ठेवले. त्या चारांत बाबा. वस्तीत लोक जळायचे त्यांच्यावर. कोणी हातगाडीवर पोहे लावले होते, कोणी कपडा मार्केटमध्ये हम्माली करत होतं, नी बाबा मात्र अजून मिलच्या फाटकातून आत जायचे, पहिल्यासारखे. ती नोकरी म्हणजे आमचं घर होतं. आई रोज संध्याकाळी मेणबत्ती लावायची ती त्याच नोकरीसाठी.

एक दिवस दुपारी बाबा ड्यूटीवरून आले, दार लावून घेतलं नी शर्ट वर केला. पोटाभोवती पांढरं कापड गुंडाळलेलं, पट्ट्यासारखं. आईनं ते सोडवलं, बाबा गोल गोल फिरत होते नी कापड निघत होतं. मला हसू आलं, मग आईचं तोंड पाहिलं नी थांबलं. गोदामाची एक खिडकी मागून तुटली होती, म्हणे. कापडाचं अख्खं थान फोडून त्यातलं एवढंसं घेतलं, म्हणे. बाबा म्हणाले, "चोरी कसली? माझ्या हातचं विणलेलं आहे. पोरगं काय रंगीत शर्टात जाईल परमप्रसादाला?" आईनं कापडाचं टोक पाहिलं, त्यावर मिलचा निळा शिक्का होता. तेवढं टोक तिनं कात्रीनं कापलं नी सिगडीत घातलं. घरभर जळक्या सुताचा वास. नी बाबा खाली बसून पाणी पीत म्हणाले, "निघालं आरामात. ताईच्या लग्नाच्या वेळी पण बघता येईल." हे वाक्य मी ऐकलं. ते लक्षात ठेवा, बाई, पुढं लागेल.

त्यानंतर घरात कोणी कडी वाजवली की बाबा ताठ बसायचे. पेपरवाला आला तरी. रोज दुपारी दोनला मी त्यांचा डबा घेऊन फाटकावर जायचो नी बाहेर येणाऱ्यांची झडती होते ते बघायचो. हात वर, मग काखेत, मग कंबर. मला वाटायचं, परत एकदा गुंडाळून निघाले तर.

रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा झाल्यावर तुमच्या ओसरीत शेवटची प्रॅक्टिस होती. माझा नंबर आठवा. मी गुडघे टेकले. सुतळीच्या चौकोनांतून तुमचा चष्मा दिसत होता नी हातातला पोलक्याचा तुकडा, तुम्ही ऐकता ऐकता काजं करत होतात. मी सगळं बरोबर म्हटलं, आशीर्वाद दीजिए, पहिला पाप-स्वीकार वगैरे. मग म्हणालो, "मेरी कमीज़ का कपड़ा मिल का है. पापा कमर में बाँध के लाए." सुई थांबली. मागं बाकीची पोरं आपसात चिंचोक्यांनी खेळत होती, त्यांना काही कळलं नाही. मग तुम्ही म्हणालात, "चिंचोका टाक." मी टाकला. "पुढचा." पुढचं पाप नव्हतंच माझ्याजवळ. तुम्ही म्हणालात, "जा. नववा कोण?"

दुसऱ्या दिवशी आई कापड घेऊन तुमच्याकडे गेली, माप देऊन आली, नी संध्याकाळी तुम्ही तेच कापड काखेत धरून आमच्या दारात. मी ट्रंकेच्या मागं होतो. आई चहा ठेवायला उठली तर तुम्ही नको म्हणालात, नी तिथंच मला कळलं. तुम्ही चहाला कधी नको म्हणत नव्हतात. तुम्ही कापड बाबांच्या समोर उलगडलंत नी किनार दाखवलीत, त्यात दोन निळे धागे. "भाऊ, ही किनार मी ओळखते. वीस वर्षं ह्याच कापडाच्या झोळ्या बांधल्या मी पाळणाघरात." बाबा म्हणाले, "बाजारात गाडीभर असेल असलं कापड." तुम्ही म्हणालात, "बाजारातल्याला टोकाशी शिक्का असतो. ह्याचं टोक कुठाय?" मला वाटलं, आता माझं नाव येणार. आता तुम्ही ट्रंकेकडे बघणार. तुम्ही एकदासुद्धा बघितलं नाहीत. एवढंच म्हणालात, "जिथून आलं तिथं ठेवून या. पोराच्या अंगावर हे नको."

"बारा महिन्यांचा पगार गिळलाय त्यांनी," बाबा म्हणाले. "त्यांना जाऊन सांगा ना, परत ठेवून या."

"त्यांचं त्यांच्यापाशी. मी अकरा पोरं तयार करतेय, भाऊ. मिलमालक नाही."

तुम्ही गेल्यावर बाबा आईवर ओरडले, तिच्याकडे कशाला नेलंस, दुसरा दर्जी मेला होता काय. आई रडत म्हणाली, ठेवून या. बाबा नको म्हणत होते, नी मग तेच म्हणाले, "बाई कुठं बोलली तर?" म्हणून ठेवायला गेले. तुमच्या धर्मानं नाही गेले, बाई, भीतीनं गेले. हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे.

गुरुवारी बाबांची पाळी दुपारची होती. मी त्यांच्याबरोबर डबा घेऊन फाटकावर उभा. नवा सुपरवायझर आला होता, नी त्याच्या हुकुमानं त्या दिवसापासून आत जाणाऱ्यांचीही झडती, कारण आत कोणीतरी विडीची काडी टाकली होती नी सुताच्या बोळ्यांना आग लागता लागता राहिली. काड्यापेट्या काढून घेत होते, बस. बाबांच्या खिशात काडीपेटी नव्हतीच. पण कमरेवर हात गेला नी थांबला. शर्ट वर केला त्यानं. परत तेच, गोल गोल फिरवून कापड सोडवणं, ह्या वेळी फाटकात, सगळ्यांसमोर. सुपरवायझर हसायला लागला. "क्यूँ भिया, बाहर ले जाते तो सुना था. तू अंदर ले जा रिया है?" बाबा काय सांगणार? परत ठेवतोय म्हटलं तर नेलं होतं हे आलंच. ते म्हणाले, "ठंड लगती है साब, इसलिए बाँधा." तो म्हणाला, "अप्रैल में?" नी बाकीचे चौकीदारही हसले, बाबांच्याच शेजारी लूमवर उभे राहिलेले लोक. मी डबा खाली ठेवला नी पळालो. डबा तिथंच राहिला.

पोलिसांत नाही दिलं. नोकरी गेली, बस. शुक्रवारपर्यंत वस्तीला सगळं कळलं, नी कळलं ते असं: बाईनं किनार ओळखली, बाईनं धाक घातला, बाईनं घर बुडवलं. बाबांनीच सांगितलं तसं, नी त्यांना तेवढंच माहीत होतं. नळावर बायका म्हणायच्या, स्वतःला पोरबाळ नाही, तिला काय कळणार. मी तिथं बादली घेऊन उभा असायचो. मी पण तेच म्हणालो, बाई. त्या जाड्याला म्हणालो, "बाईमुळे माझ्या बाबांची नोकरी गेली."

शनिवारी खरा पाप-स्वीकार. चर्चमध्ये खरी जाळी, खरे फादर, माझ्या खिशात एकच चिंचोका. मी गुडघे टेकले, आशीर्वाद मागितला, नी म्हणालो, "मैंने शक्कर चुराई." फादर म्हणाले, "कितनी बार?" मी म्हणालो, तीन. आकडा तयार होता. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तीन प्रणाम मरिया म्हणायला सांगितल्या. मी बाहेर येऊन पाच म्हटल्या, कशाला कोण जाणे.

रविवारी सकाळी आई मला मागच्या गल्लीतून तुमच्याकडे घेऊन गेली, बाबांना न सांगता. तुम्ही शर्ट तयार ठेवला होतात. पॉपलिनचा नव्हता, पातळ होता, नी उजेडात धरला की त्यात बारीक बुट्ट्या दिसायच्या. आईनं हात लावला नी म्हणाली, "बाई, ही तर तुमची लग्नातली साडी." तुम्ही म्हणालात, "पेटीत पडून पिवळी होत होती. नीळ घातलीय." मला घालताना तुम्ही बटणं लावत होतात नी मी खाली बघत होतो. आई बाहेर गेली तेव्हा मी म्हणालो, "ती तर प्रॅक्टिस होती." तुम्ही शेवटचं बटण लावलंत नी म्हणालात, "तुझी होती. माझी नव्हती." मग कॉलर सरळ केलीत नी म्हणालात, "खाटेमागचं खाटेमागं राहील. जा, उशीर होतोय." चर्चमध्ये पोरांनी मला साडीवाला म्हणून चिडवलं. मला तुमचा एवढा राग आला की परमप्रसाद जिभेवर होता तरी मी तुमच्याचकडे बघत होतो. तुम्ही मागच्या बाकावर एकट्या होतात. तुमच्या बाकावर कोणी बसलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी तुमच्याकडे पोरं आली नाहीत, दोनच आली, ती पण बाहेरून आलेल्यांची. शिलाई आटली. बाबा कपडा मार्केटमध्ये गाठी उचलायला लागले नी त्यांची पाठ गेली. तुम्हाला कावीळ झाली तेव्हा आई एकदा सूप घेऊन गेली, लपून. तुमच्या मातीला बाबा आले नाहीत. मी आलो होतो, पण कब्रस्तानाच्या भिंतीच्या बाहेर उभा राहिलो. आतून फादरांचा आवाज येत होता, नी मी मोजत होतो, किती जण "आमेन" म्हणतात. फार नव्हते.

इथं तिरुपूरला चर्च आहे, मोठं. गेल्या नाताळात मी पाप-स्वीकाराला गेलो, एवढ्या वर्षांनी. फादर तमिळ, ना हिंदी ना मराठी. मी म्हटलं बरं झालं, नी सगळं मराठीत सांगून टाकलं, कापड, खाट, फाटक, तुम्ही. त्यांनी मान हलवली, तीन बोटं दाखवली, क्षमा दिली. बाहेर येऊन पायरीवर बसलो तर काहीच हलकं वाटेना. त्यांना एक शब्द कळला नव्हता. ती पण प्रॅक्टिसच झाली.

आता ते, ज्यासाठी लिहायला बसलो. मी आजपर्यंत स्वतःला सांगत आलो की लहान होतो, गोंधळलो, खरं पाप प्रॅक्टिसला सांगून बसलो नी खोटं फादरांना. चूक झाली पोराची, नी मोठ्यांनी ती सांभाळायची होती, नी तुम्ही सांभाळली नाही, असा माझा तुमच्यावर दावा होता. बाई, मी गोंधळलो नव्हतो. तुम्ही तीनदा सांगितलं होतंत नी तिन्ही वेळा मी ऐकलं होतं. मला पक्कं माहीत होतं की फादर कोणाला सांगत नाहीत, म्हणूनच त्यांना सांगून उपयोग नव्हता. ते क्षमा देतील नी बाबा ताईच्या लग्नाच्या वेळी परत खिडकीतून आत जातील. मला कोणीतरी बाबांना थांबवायला पाहिजे होतं. आई थांबवत नव्हती, माझी हिंमत नव्हती, नी वस्तीत तुम्ही एकट्याच होतात ज्या थांबवतील. म्हणून मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही ते केलंत, नी माझं नाव झाकायला किनार पुढं केलीत. मग सगळी वस्ती तुमच्यावर आली तेव्हा मी बादली घेऊन उभा होतो.

हे पत्र जाणार कुठं. तुमचा पत्ता ती भिंत. पण उद्या बाबांच्या नावानं मनिऑर्डर करायची आहे, पाचशे फ्रॉकचे नी दोनशे तुमच्या नावानं चर्चमध्ये मिस्सा म्हणायला, नी बाबा विचारणारच की त्या बाईच्या नावानं कशाला. फॉर्मवर खाली संदेशाला दोन बोटं जागा असते. बाबांना आता चष्मा लावूनही नीट दिसत नाही, आमचा पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवतो, नी दुपारच्या वेळी नळावर बायका असतात. ते सगळं धरूनच लिहिलंय. तीनदा खोडलं, चौथ्या फॉर्मवर बसलं: "बाबा, कापडाचं बाईंना मी सांगितलं होतं. किनार त्यांनी नंतर पाहिली." त्याच्या वर, रकमेच्या रकान्यात, अक्षरी, सातशे रुपये फक्त.